काठीवर चालणारी होडी: ओकावांगोत मोकोरो शिकताना

मोकोरो म्हणजे बोत्सवानातल्या ओकावांगो नदीच्या त्रिभुज प्रदेशातली लांबुळकी अरुंद होडी, मूळची एकाच खोडातून कोरलेली, आणि ती वल्हवत नाहीत, मागच्या टोकावर उभं राहून लांब काठीनं तळाला रेटा देत देत नेतात. एवढं फोटो बघून सगळ्यांना कळतं. फोटोत पुढे दोन टुरिस्ट टोप्या घालून मजेत बसलेले असतात, मागे पोलर, म्हणजे काठीनं होडी नेणारा, शांत उभा, आजूबाजूला कमळं, त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं यात अवघड असं काय आहे, पाणी पण कंबरभर, पडलं तरी काय होणार. आम्ही गाबोरोनला राहतो, नवऱ्याची नोकरी इथे, आणि इतकी वर्षं बोत्सवानात राहून ओकावांगो नाही बघितलं म्हटलं की भारतात गेल्यावर लोक अशा नजरेनं बघतात की बस, म्हणून आम्ही गेलो होतो. शिकायचं वगैरे काही डोक्यात नव्हतं. ते झालं कारण आमच्या होडीची पोलर एक बाई निघाली.

ओकावांगोच्या कडेचं गाव माउन, तिथपर्यंतच्या प्रवासाबद्दल फार लिहीत नाही. नाटामार्गे नऊशेच्या वर किलोमीटर, रस्त्यावर गाढवं आणि गुरं, नाटाच्या पुढे हत्ती, मध्ये मध्ये गुरांच्या लाळ्या-खुरकुताची गेटं जिथे उतरून औषधाच्या पाण्यात बूट बुडवायला लागतात. माउनहून पुढे बोरो नदीच्या काठी मोकोरो स्टेशन आहे, आसपासच्या गावांनी मिळून ट्रस्ट केलाय आणि त्याच गावांतले पोलर पाळीपाळीनं टुरिस्ट नेतात. पुरुष जास्त, पण बायकाही आहेत. आमच्या वाट्याला पन्नाशीच्या एक बाई आल्या, डोक्याला रुमाल, अंगात जाड स्वेटर, पाय अनवाणी. इथे बाईला म्मा आणि पुरुषाला रा म्हणायची पद्धत, ओळख असो नसो, त्यामुळे त्या मला म्मा आणि मी त्यांना म्मा, आणि अजूनही आमचं तेच चालू आहे.

आता होडीच्या आधी पाण्याबद्दल सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. पाऊस पडतो अंगोलाच्या उंच भागात, साधारण नोव्हेंबर ते मार्च. ते पाणी कुबांगो आणि कुइतो नद्यांतून खाली येतं, नामिबियाचा चिंचोळा पट्टा ओलांडून मोहेम्बोपाशी बोत्सवानात शिरतं आणि मग हातपाय पसरतं. पुढे समुद्र नाहीच, कालाहारीची वाळू आहे. मोहेम्बो ते माउन अडीचशे किलोमीटर आणि एवढ्या अंतरात उतार सगळा मिळून साठेक मीटर, शिवाय वाटेत लव्हाळी नि देवनळाची बेटं, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीत पडलेलं पाणी माउनला पोचायला जून-जुलै उजाडतो. म्हणजे आभाळात ढगाचा टिपूस नाही, हवा कोरडी ठणठणीत, रात्री दातावर दात वाजतायत आणि नदीला पूर! वर्षाला सुमारे 11 घन किलोमीटर पाणी आत येतं म्हणे आणि त्यातलं जेमतेम 2 टक्के पुढे बाहेर पडतं, बाकी सगळं ऊन आणि झाडं पिऊन टाकतात.

मी मूळची चिपळूणची. पूर म्हटलं की आमच्या घरात 2005 आणि 2021 चा जुलै आठवतो, पहिल्या मजल्यावर चढवलेलं सामान, नंतर महिनाभर न जाणारा चिखलाचा वास. इथे माउनमध्ये कोरड्या पात्रात पुराचं तोंड पावलापावलानं सरकत येतं आणि लोक काठावर बघायला जमतात, पोरं त्या पाण्याच्या कडेकडेनं चालत जातात. पूर आला म्हणून लोक खूश झालेले मी पहिल्यांदा बघितले. आईला फोनवर सांगितलं तर तिचा विश्वास बसेना. मगरी आहेत म्हटल्यावर मात्र ती अजिबात घाबरली नाही, म्हणाली, त्या काय वाशिष्ठीत पण आहेत.

तर होडी. आत बसायला पाय कापलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, खाली गवत पसरलेलं, बूड जवळजवळ पाण्याच्या पातळीला. बाजूची कड पाण्यापासून वीतभर वर, कधी त्याहून कमी. पहिली दहा मिनिटं मी दोन्ही हातांनी कड धरून बसले होते तर मागून आवाज आला, म्मा, हात आत. मग लव्हाळ्यातून जायला लागलो की तोंडावर कोळ्याची जाळी, मांडीवर नखाएवढे बेडूक टपकतात, पांढरट-तपकिरी, पट्ट्यापट्ट्यांचे, मुलगी आधी किंचाळली आणि नंतर मोजायला लागली. मला मात्र मागे काय चाललंय त्याचंच कौतुक. काठीचा आवाज जवळपास नाहीच. टुपुक आणि मग होडी पुढे. मी मान वळवून वळवून बघत होते शेवटी त्याच म्हणाल्या, बघून मान मोडेल, कॅम्पवर पोचलो की उभी राहा तू.

मला वाटलं गंमत करतायत. पण दुपारी, बेटावर तंबू लावून झाल्यावर, सगळे झाडाखाली आडवे झाले तेव्हा त्यांनी खरंच हाक मारली. कॅम्पच्या मागे एक उथळ डबकं होतं, मुख्य चॅनेलपासून बाजूला. त्याच्या काठानं त्या आधी सावकाश चालत गेल्या, पाण्यात बघत, वाळूत बघत. मी विचारलं, मगर नाही ना? तर नाही असं म्हणाल्या नाहीत, "आत्ता इथे दिसत नाही" एवढंच म्हणाल्या. पुढे लक्षात आलं की या कामातले लोक "नाही" हा शब्द वापरतच नाहीत.

काठीला न्गाशी म्हणतात. तीन-चार मीटर लांब, मोगोनोनो नावाच्या झाडाची, सरळ आणि दिसते त्यापेक्षा बरीच जड. खालच्या टोकाला बेचकं असतं म्हणजे मऊ तळात फार आत रुतत नाही. मला वाटलं आता काठी हातात देणार. नाही दिली. पहिला धडा बिनकाठीचा, नुसतं उभं राहायचं. आणि रिकाम्या होडीत उभं राहणं भरलेल्या होडीपेक्षा कठीण, कारण वजन सगळं आपलंच आणि तेही उंच. म्हणून त्यांनी पुढे पाण्याचे कॅन आणि बटाट्याची पिशवी ठेवली, खाली तळाशी, मग होडी जरा भानावर आली. एक पाय पुढे एक मागे, दोघांमध्ये थोडं अंतर, गुडघे सैल. मी ताठ उभी राहायचे कारण घाबरलं की माणूस ताठच होतो, आणि ताठ झालं की होडीची प्रत्येक हालचाल थेट डोक्यापर्यंत जाते. गुडघे सैल सोडले की खालचं खाली हलतं, वरचं वर राहतं. हे लिहायला सोपं आहे. मला जमायला दुपार गेली आणि दुसऱ्या दिवशी पोटऱ्या अशा भरून आल्या होत्या की तंबूतून बाहेर रांगत आले.

दुसरी गोष्ट नजर. पायाकडे बघायचं नाही, पाण्याकडे पण नाही, होडीचं पुढचं टोक आणि त्याच्या पलीकडचं काहीतरी एक पकडायचं, झाड म्हणा वारूळ म्हणा, आणि तिथेच बघत राहायचं. पायाकडे बघितलं की पडायला होतं, मी दोनदा खात्री करून घेतली, पाणी बर्फ होतं.

मग काठी. इथे मी सरळ ताकद लावायला गेले. काठी मागे तिरकी टाकायची आणि जोर काढून ढकलायचं, असं मला बघून वाटलं होतं. होडी अर्धी गोल फिरली आणि लव्हाळ्यात जाऊन शिरली. म्मा काठावर बसून वाटाणे सोलत होत्या, हसल्या नाहीत, म्हणाल्या काठी कुठेच जात नाही, ती जिथे टेकवली तिथेच राहणार, जायचंय तुला. म्हणजे करायचं असं की काठी अंगाजवळून, होडीच्या कडेला लागून सरळ खाली सोडायची, मुठीतून घसरू द्यायची तळाला टेकेपर्यंत, मग अंग थोडं पुढे कलतं तसं वजन तिच्यावर द्यायचं आणि हात एकावर एक वर चढत जातात, विहिरीतून दोर ओढतो त्याच्या बरोब्बर उलट, आणि शेवटचा रेटा कमरेपाशी संपतो. त्या वेळी होडी पायाखालून पुढे निघून जाते आणि काठी मागे राहते. मग लगेच उचलायची नाही! नवशिके तिथेच चुकतात. क्षणभर ती मागे पाण्यात तशीच ओढत राहू द्यायची, कारण ढकलणारी काठी आणि सुकाणू एकच आहे, त्या क्षणभरात दिशा ठरते.

वळायचं गणित मला रात्री तंबूत पडून कळलं. आपण मागच्या टोकावर उभे, म्हणजे आपण होडीचं शेपूट हलवतो. उजवीकडे वळायचं असेल तर काठी उजव्या बाजूला अंगापासून लांब टेकवून रेटायची, शेपूट डावीकडे सरकतं आणि तोंड उजवीकडे येतं. काठी अगदी चिकटून सरळ खाली टाकली तर होडी सरळ. म्हणजे जितकी लांब टेकवाल तितकं वळण. कागदावर दोन बाण काढले की समजतं, पण उभं असताना समोर लव्हाळ्याची भिंत येतेय आणि डोकं म्हणतंय उजवीकडे उजवीकडे, तेव्हा हात आपोआप डावीकडे टाकतात. हे हाताला समजावं लागतं, डोक्याला समजून उपयोग नाही.

आणि एक गोष्ट कुणीच सांगत नाही ती म्हणजे काठी वर घेतली की तिच्यावरून पाणी ओघळत मनगटावर येतं आणि तिथून बाहीत शिरून कोपरापर्यंत. जुलैतल्या सकाळी. पोलर लोकांच्या बाह्या कायम वर सरकवलेल्या का असतात ते मला तेव्हा कळलं, मी तर स्वेटर सुकवण्यातच दुपार घालवायचे. तळहाताला अंगठ्याच्या मुळाशी फोड येतो, तो फुटतो, मग तिथे कडक होतं. म्मांच्या हाताला तिथे चक्क गुळगुळीत चकाकी आलेली आहे.

काठी रुतली तर? हा प्रश्न मी आधीच विचारून ठेवला होता. सरळ ओढायची नाही, ओढलं की होडी पुढे आणि आपण काठीला लटकलेले, मग खाली. आधी पिळायची, मग उचलायची. पिळून पण नाही आली तर सोडून द्यायची, हो, सोडूनच द्यायची, मागून येणारा आणेल किंवा हातानं पाणी मारत मागे यायचं. पण रुतूच नये म्हणून आधी तळ वाचायचा. ओकावांगोचं पाणी इतकं स्वच्छ की तळ दिसतो. पांढरट दिसतं तिथे वाळू, तिथे काठी टणकन टेकते, रेटा पुरेपूर मिळतो. काळपट दिसतं तिथे कुजलेल्या मुळांचा थर, वरून घट्ट वाटतो आणि काठी अर्ध्या हातभर आत. त्यामुळे पोलर सरळ रेषेत जात नाही, पांढऱ्यावरून पांढऱ्यावर जातो. मागे बसून बघताना मला वाटायचं या उगाच नागमोडी नेतायत.

खरं कसब पुढे आहे, म्हणजे वाट. ढकलायला दोन-तीन दिवसांत कुणीही बऱ्यापैकी शिकेल असं माझं मत आहे, वाट शिकायला मात्र तिथे जन्म घ्यायला लागेल. बसून बघितलं की सगळीकडे सारखंच, लव्हाळं, पाणी, लव्हाळं, मध्ये एक ताडाचं बेट, पुन्हा लव्हाळं. फोनवर मॅप लावून बघितला, निळा ठिपका हिरव्यात उभा, चॅनेलचा पत्ता नाही, आणि असेल कसा, गेल्या वर्षीचं चॅनेल या वर्षी असतंच असं नाही. नदी तळाशी वाळू आणत राहते, कडेनं पपायरस (लव्हाळ्याचाच उंच भाऊबंद) आणि लव्हाळं वाढत राहतं, एखादी वाट हळूहळू भरत जाते आणि पाणी दुसरीकडे फुटतं. हे छोट्या वाटांचंच नाही, मोठ्यांचंही होतं. आफ्रिकेत फिरलेला मिशनरी लिव्हिंगस्टन 1849 साली न्गामी तळ्याला पोचला तेव्हा ते भरलेलं होतं, त्याला पाणी यायचं पश्चिमेकडच्या थाओगे फाट्यातून, आणि त्याच शतकाच्या अखेरीपर्यंत तो फाटा पपायरसनं बुजून गेला नि तळं आटलं. आख्खी नदी कूस बदलते तिथे आपला मॅप काय करणार.

मग वाटा उघड्या ठेवतं कोण? पाणघोडे. रात्री चरायला बाहेर, पहाटे परत पाण्यात, रोज त्याच वाटेनं दीड-दोन टनांचं धूड लव्हाळ्यातून जाणार म्हटल्यावर तिथे गल्ली पडते आणि गल्लीतून पाणी वाहायला लागतं. आपण मोकोरोनं जातो त्या अरुंद वाटांपैकी कितीतरी या कुबूंनीच (पाणघोड्याला इथे कुबू म्हणतात) पाडलेल्या. बाकी लोक पण कापतात, सीझनच्या आधी पोलर मिळून लव्हाळं साफ करतात. पण मूळ कंत्राट पाणघोड्यांकडेच. यातली गोम अशी की रस्ता ज्याचा तो केव्हाही रस्त्यावर येणार.

म्हणून वाट वाचायची म्हणजे काय काय बघायचं ते म्मांनी थोडं थोडं दाखवलं, सलग कधीच नाही, जाता जाता. कमळाची पानं एका बाजूला ताणलेली असतील तर पाणी तिकडे चाललंय, म्हणजे वाट जिवंत आहे. पानं नुसती गोल पसरलेली, वर शेवाळ, तर पुढे बंद. लव्हाळ्याची पाती मुळापाशी मोडलेली आणि पाणी गढूळ तर आत्ताच कुणीतरी गेलंय, कोण गेलंय ते बघूनच आत शिरायचं. पाणी एकदम गडद निळं झालं की खोल, आणि खोल म्हणजे कुबूचं घर.

अशा एका खोल डोहापाशी आम्ही थांबलो होतो ते मला चांगलं आठवतंय कारण तेव्हा काठी माझ्या हातात होती आणि म्मा पुढे बसल्या होत्या. त्यांनी नुसता हात वर केला. मी काठी तळाला टेकवून धरून ठेवली, होडी थांबली (थांबायचं पण तसंच, ब्रेक म्हणजे काठी). मग त्यांनी हातातल्या पाणी उपसायच्या डब्यानं होडीच्या कडेवर ठक ठक ठक केलं आणि गप्प. काही नाही. एक कमळपक्षी पानावरून पानावर चालत गेला. परत ठकठक. मग पलीकडच्या काठाशी फुर्रर करून एक डोकं वर आलं, मग दुसरं, कान झटकून पाणी उडवलं. म्मा बोटांवर मोजत होत्या. चार झाली. मी म्हटलं जायचं? तर म्हणाल्या काल पाच होते. आम्ही तिथे किती वेळ उभ्या होतो कोण जाणे, माझी पोटरी थरथरायला लागली होती, आणि पाचवं डोकं कुठे निघालं असेल तर आम्ही जाणार होतो त्या बाजूला, लव्हाळ्याला लागून, बुडबुड्यांची एक रेघ आधी आली आणि मागून ते. म्मांनी मान हलवली, मी होडी मागे घेतली, मागे घ्यायची म्हणजे काठी पुढून टेकवून उलटा रेटा, आणि आम्ही बेटाला वळसा घालून गुडघाभर पाण्यातून लांबच्या वाटेनं गेलो. उथळात पाणघोड्याला बुडी मारून येता येत नाही, तो येताना दिसतो, एवढाच सगळा हिशोब.

हत्तीचं त्या मानानं सरळ असतं. दिसतो लांबून, वारा कुठून आहे बघायचं, थांबायचं, त्याचं झालं की आपण. एकदा एक कळप पाणी ओलांडत होता तर आम्ही लव्हाळ्यात होडी खुपसून बसून राहिलो, म्मांनी चक्क डुलकी काढली. घाई असलेल्या माणसानं या धंद्यात पडू नये असं नवऱ्याचं म्हणणं, त्याला घाई होती.

आता लाकूड की फायबर. जाणाऱ्या प्रत्येकाला लाकडीच हवी असते, फोटोसाठी, आणि फायबरची बघितली की तोंडं पडतात. लाकडी मोकोरो सॉसेज ट्री, जॅकलबेरी असल्या मोठ्या झाडांची करतात, वाकसानं तासून तासून. लिव्हिंगस्टननं लिहून ठेवलंय की झाड वाकडं असेल तर होडीही वाकडीच, आणि म्मांच्या वडिलांची होडी म्हणे खरंच डावीकडे ओढायची, त्यांना ती सवय इतकी की सरळ होडी दिली तर वैतागायचे. ऐकायला छान आहे. पण एक भलं थोरलं झाड, वाढायला शंभरच्या वर वर्षं, आणि त्याची होडी ऊन-पाणी खाऊन काही वर्षांत तडकणार, आणि टुरिस्ट तर दरवर्षी वाढणार. फायबरची हलकी, गळत नाही, झाड वाचतं. मी फायबरच्या बाजूची आहे. 2014 ला युनेस्कोनं ओकावांगोला जागतिक वारसा यादीत घेतलं, त्या यादीतलं हजारावं ठिकाण, आणि मग त्याच वारशातली झाडं तोडून आम्हाला फोटो काढायला होड्या करा म्हणायचं, हे काही बरोबर नाही. म्मा एका वाक्यात मोकळ्या झाल्या: लाकडी होडी तुम्हाला आवडते कारण ती तुम्हाला उचलायची नसते.

हे कसब मुळात बायेई लोकांचं. ते अठराव्या शतकात उत्तर-पूर्वेकडून, झांबेझी-चोबेच्या बाजूनं इथे आले आणि येताना मोकोरो घेऊन आले. म्मा पण बायेई. पोरवयात म्हणे भावाच्या होडीतून कमळाचे कंद काढायला जायच्या, त्स्वी म्हणतात त्याला, मटणाबरोबर शिजवतात. धंदा म्हणून काठी हातात घेतली ती बरीच उशिरा. 2019 ला दुष्काळ पडला, माउनची थामालाकाने नदी आटली, माउनजवळ पाणघोडे चिखलात अडकून पडले होते, तेव्हा मोकोरोचं काम जवळजवळ बंद. मग 2020 ला पाणी आलं झकास, आणि कोविडमुळे सीमा बंद! पाणी आहे तर माणसं नाहीत. तेव्हा त्यांनी छपराचं गवत कापलं, मासे धरले. सांगताना तक्रारीचा सूर अजिबात नाही, मलाच राग येत होता, कुणावर ते माहीत नाही.

त्यानंतर आम्ही परत परत जात राहिलो, नवरा तंबूत पुस्तक वाचतो, मी काठी घेते. माणसं बसलेली होडी त्या मला देत नाहीत आणि देऊही नये, टुरिस्ट न्यायचे तर पोलरला रीतसर लायसन्स लागतं. पण सामानाची होडी मिळते. भांडी, तंबू, पाण्याचे कॅन, सगळं जड आणि खाली, म्हणजे होडी शहाण्यासारखी वागते, फक्त एकदा वेग घेतला की थांबत नाही, वळणाच्या आधी दोन रेटे आधीच विचार करायला लागतो. पहिल्यांदा सामानाची होडी घेऊन त्यांच्या मागोमाग निघाले तेव्हा त्या एकदाही मागे बघत नव्हत्या, मला वाटलं केवढा विश्वास, नंतर कळलं की माझ्या मागे त्यांचा पुतण्या होता. दुपारी वारा सुटला की मात्र काठी परत करायची. मोकळ्या पाण्यात आडवा वारा आला की उभं माणूस म्हणजे शीडच, होडी भलतीकडे जाते. वाऱ्याच्या आत पोचायचं म्हणून सकाळी लवकर, पण फार लवकर नाही, कारण पहाटे पाणघोडे चरून परतत असतात आणि त्यांच्या नि पाण्याच्या मध्ये सापडायचं नाही. संध्याकाळी ते परत बाहेर पडायच्या आधी कॅम्पवर. मधल्या त्या फटीत सगळं काम.

कुणाला जायचं असेल तर जून ते ऑगस्ट जा, पाणी असतं, डास कमी, पण थंडीचे कपडे न्या, आफ्रिका म्हणजे गरम असं समजून हाफ चड्डीत येणारे पहाटे शेकोटीला चिकटलेले असतात. ऑक्टोबरात उकाड्यानं जीव जातो आणि बोरोच्या बाजूला पाणीही उतरलेलं असतं. पोलरला शिकव म्हणून सांगितलं तर बहुतेक जण शिकवतात, पण दुपारी, कॅम्पपाशी, त्यांच्या सवडीनं विचारा, वाटेत नाही.

आता मला वर पॅनहँडलला जायचंय, जिथे नदी अजून फुटलेली नाही, एकच खोल पात्र आहे. तिथे काठी तळाला टेकतच नाही, म्हणून तिकडचे हाम्बुकुशू लोक मोकोरोत बसून वल्ह्यानं नेतात. म्मांना विचारलं, ते पण शिकून येऊ का? त्यांनी काठी पाण्यातून काढली, निथळली, आणि म्हणाल्या, "जा की. बसून काय, कुणीही नेईल."